बदली न होणारा सचिव

२००१ साली आम्ही एका जिल्ह्याच्या गावी सरकारी निवासस्थानात राहत होतो. त्या वर्षी ‘स्टार प्लस’वर ‘जी मंत्रीजी’ नावाची हिंदी मालिका सुरू झाली. फारुख शेख मंत्री झाले होते आणि जयंत कृपलानी त्यांचे सचिव. मी आधी काही वर्षे मंत्रालयात एका मंत्र्यांचा खाजगी सचिव होतो, त्यामुळे ही मालिका म्हणजे आपल्याच घरचे कार्य अशा थाटात मी टीव्हीसमोर बसत असे. पत्नी शेजारी भाजी निवडत पाहायची. तीन-चार भाग झाल्यावर तिने विचारले, “अहो, हा मंत्र्याला इतका गुंडाळतो, तरी याची बदली कशी होत नाही?”

बावीस वर्षांच्या संसारात तिने नऊ घरे लावली होती आणि उचलली होती. दोन खोकी तर ती उघडायचीच नाही. पुन्हा बांधायचा त्रास कशाला? प्रश्न अनुभवातून आला होता. मी हसून वेळ मारून नेली. ती मालिका काही फार चालली नाही, लोक विसरलेही. नंतर मूळ इंग्रजी मालिका आणि तिची पुस्तके पुन्हा वाचता-पाहताना वाटू लागले, की हे हिंदी रूप आपल्या मातीत का रुजले नाही याचे बरेचसे उत्तर त्या प्रश्नातच होते.

मूळ मालिका ‘येस मिनिस्टर’. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी ती लिहिली, आणि तिचा पहिला भाग २५ फेब्रुवारी १९८० रोजी बीबीसीवर दाखवला गेला. १९८४पर्यंत तिचे तीन हंगाम आणि एक विशेष भाग झाला. पुढे मंत्री जिम हॅकर पंतप्रधान झाल्यावर १९८६ ते १९८८ या काळात ‘येस प्राइम मिनिस्टर’चे सोळा भाग आले. सगळे मिळून भाग अडतीसच. पॉल एडिंग्टन हॅकर, नायजेल हॉथॉर्न त्यांचे सचिव सर हम्फ्री आणि डेरेक फाउल्ड्स खाजगी सचिव बर्नार्ड. मार्गारेट थॅचर या मालिकेच्या एवढ्या चाहत्या, की १९८४मध्ये एका समारंभात त्यांनी या नटांबरोबर छोटा प्रवेशही केला. लेखकांना आतल्या गोष्टी कळत होत्या, कारण पंतप्रधानांच्या कार्यालयात काम केलेली माणसे त्यांना किस्से पुरवत होती. म्हणून दवाखाना आहे, शेकडो कारकून आहेत, फक्त रुग्ण नाहीत, असा प्रकार त्या मालिकेत आला तेव्हा लोक हसले, पण कोणी त्याला अतिशयोक्ती म्हटले नाही.

तिथले विनोदाचे यंत्र अगदी साधे आहे. एक टेबल, तीन माणसे. मंत्र्याला काहीतरी करायचे आहे. सचिवाला ते होऊ द्यायचे नाही. आणि खाजगी सचिव मधे उभा आहे. सचिव कधीही ‘नाही’ म्हणत नाही. तो समिती नेमतो, मुदत मागतो, किंवा मान लववून तो निर्णय फार धाडसी असल्याचे सांगतो, आणि मंत्र्याला घाम फुटतो. कारण त्यांच्या राजकारणात धाडस म्हणजे पुढची निवडणूक गमावण्याची सोय. (आपल्याकडे हाच शब्द वापरला तर साहेब खूश होऊन तो फलकावर छापून घेतील.)

हे यंत्र चालते ते एका अदृश्य खिळ्यावर: हॅकर हम्फ्रीला हलवू शकत नाही. ब्रिटनमध्ये खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचे पदनामच ‘कायम सचिव’ असे आहे. मंत्री येतात नि जातात, तो तिथेच असतो. त्याची नेमणूक आणि बढती ज्या वाटेने होते, त्या वाटेवर खात्याच्या मंत्र्याचा नाका नाही. हम्फ्रीचा तो उपहास, ती लांबलचक वाक्ये, ते मंद स्मित या साऱ्यामागे हा निर्धास्तपणा आहे. मालिकाभर हॅकर त्याच्यावर चिडतो, कधी त्याला मातही देतो, पण ‘उद्या तुझी उचलबांगडी’ हे वाक्य त्याच्या भात्यात नाही. ते असते तर पहिल्याच भागात मालिका संपली असती.

या कायमपणाचा इतिहास आपल्याही घरातून जातो, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. नोकरशाही स्पर्धा परीक्षेतून निवडलेली, राजकारणापासून अलिप्त आणि स्थायी असावी, हा विचार ब्रिटनमध्ये १८५४च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने मांडला. त्यातले चार्ल्स ट्रेव्हेलियन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात घडलेले आणि मेकॉलेचे मेहुणे. पुढे ते मद्रासचे गव्हर्नर झाले. कलकत्त्याच्या सरकारने नवा प्राप्तिकर आणायचे ठरवले, तेव्हा त्यांनी विरोधाची टिपणी लिहिली आणि ती वर्तमानपत्रांकडे जाऊ दिली. १८६०मध्ये त्यांना परत बोलावण्यात आले. स्थायी नोकरशाहीच्या जनकाला हिंदुस्थानात मत मांडल्याबद्दल जावे लागले, ही गोष्ट मी प्रशिक्षण संस्थेत शिकवणाऱ्या मित्रांना सांगतो तेव्हा ते हसतात, पण टिपून घेत नाहीत.

स्वतंत्र भारताने स्थायित्व ठेवले, पण निराळ्या प्रकारचे. सरदार पटेलांनी ऑक्टोबर १९४९मध्ये संविधान सभेत सनदी सेवांची बाजू घेतली, तेव्हा आपल्या सचिवाला आपल्या मताविरुद्ध टिपणी लिहिण्याची मोकळीक आहे, असे त्यांनी आवर्जून सांगितले होते. घटनेच्या कलम ३११ने नोकरीला संरक्षण दिले. पण ते संरक्षण नोकरीला आहे, खुर्चीला नाही. अधिकाऱ्याला काढता येत नाही, हलवता मात्र येते. केंद्रात सचिवांच्या नेमणुका मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीकडून होतात, म्हणजे खात्याच्या मंत्र्याच्या हाती थेट काही नसते. तरी त्याचा शब्द वर पोचायला वेळ लागत नाही. राज्यात तर एक पत्र पुरते. हरियाणाचे अशोक खेमका २०२५मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या चौतीस वर्षांच्या सेवेत ५७ बदल्या झाल्या होत्या. त्यांच्यावर मालिका काढायची तर दर भागाला नवे नेपथ्य लागेल.

‘जी मंत्रीजी’ बीबीसीच्या रीतसर परवानगीने झाली होती आणि तिची कथानके मूळ भागांवरच बेतलेली होती. फारुख शेख यांचे सूर्यप्रकाश सिंह हे प्रशासकीय कामकाजाचे मंत्री, कृपलानींचे राजनाथ माथूर हे त्यांचे सचिव. नट नामी होते. सई परांजपे यांच्या ‘कथा’मध्ये चाळीतल्या सगळ्यांना गोड बोलून फसवणारा बाशू ज्यांनी पाहिला आहे, त्यांना फारुख शेख मंत्री म्हणून किती शोभतील हे सांगायला नको. कृपलानींच्या चेहऱ्यावर सेंट स्टीफन्स ते नॉर्थ ब्लॉक हा सगळा रस्ता दिसायचा. पण प्रसंग उलगडू लागला की माझ्यातला जुना कर्मचारी जागा व्हायचा. हा सचिव इतका निर्भय कसा? हा कोणत्या केडरचा? याला निवृत्तीला किती महिने राहिलेत? केंद्रात सचिवपद लाभते तेच बहुधा साठीच्या उंबरठ्यावर, आणि खातेही आयुष्यभराचे नसते. काल खते, आज पर्यटन. मंत्र्याला खात्याची खडान्खडा माहिती देऊन घोळात घेणारा सचिव आपल्याकडे स्वतःच सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेला असू शकतो.

तपशिलाच्या पातळीवर हे आणखी जाणवते. मूळ मालिकेत एक भाग मानसन्मानांवर आहे. नोकरशहांना मिळणाऱ्या सरदारक्या रोखून धरल्या की ते काटकसरीला तयार होतात, अशी त्यातली युक्ती. आपल्याकडे कलम १८ने पदव्या रद्द केल्या, आणि पद्म पुरस्कारांना तर डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता सेवेतले सरकारी कर्मचारी पात्रच नसतात. भारतीय सचिवाला भुलवायचे तर निवृत्तीनंतर एखाद्या आयोगाचे किंवा प्राधिकरणाचे अध्यक्षपद दाखवावे लागते. तो विनोद फार उत्तम झाला असता, पण तो नव्याने लिहावा लागला असता.

भाषेचे तर विचारूच नका. हम्फ्री आणि हॅकर एकच भाषा बोलतात, फक्त एकाला ती शस्त्रासारखी वापरता येते. दिल्लीत सचिव मंत्र्याला चकवणार तो इंग्रजीत. हिंदी मालिकेत दोघांनीही हिंदी बोलायचे, म्हणजे ते शस्त्र आधीच म्यान झाले. आणि राजभाषेची हिंदी वापरावी तर ती मुळातच एवढी विनोदी, की तिचे विडंबन काय करणार? मराठीत आपली स्थिती जरा बरी आहे. १९६४च्या राजभाषा अधिनियमानंतर मंत्रालयात मराठी फायलींची पिढ्यान्पिढ्यांची शैली तयार झाली. ‘साकल्याने विचार करता’ म्हणजे आधीचे मत बदलले. ‘तपासून सादर करावे’ हा शेरा अर्जदाराला आशा वाटते आणि कारकुनाला विश्रांती. कोणी तरी हम्फ्रीला या मराठीत आणायला हवे होते. शिवाय आपल्या इमारतीचे नावच सगळे सांगते: १९७५पर्यंत ती सचिवालय होती, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना तिचे मंत्रालय झाले.

परकी मालिका इथे रुजतच नाही, असे मला म्हणायचे नाही. १९९३ची ‘जबान संभाल के’ आठवा. तिचे मूळ ‘माइंड युवर लँग्वेज’ या ब्रिटिश मालिकेत, जिथे जगभरचे परदेशी लोक लंडनच्या वर्गात इंग्रजी शिकतात. राजीव मेहरांनी वर्ग तसाच ठेवला आणि भाषा हिंदी केली. मग त्या बाकांवर आपोआप आपलेच लोक येऊन बसले. त्यांत विजू खोटे यांचा मराठी माणूस होता, आणि मुख्याध्यापिका त्यांची सख्खी बहीण शुभा खोटे. तिथे परकेपणाची भीती इथल्या परकेपणात बदलली गेली होती. मास्तर झालेले पंकज कपूर पुढे २००१मध्येच, म्हणजे ‘जी मंत्रीजी’च्याच वर्षी, मेहरांच्याच ‘ऑफिस ऑफिस’मध्ये मुसद्दीलाल झाले. ती मालिका मूळची इथलीच. तिच्यात मंत्री नाही, सचिव नाही. खिडकीबाहेर रांगेत उभा राहून चेंगरलेला एक निवृत्त माणूस आहे. लोकांनी ती डोक्यावर घेतली. सरकार आपल्याला खिडकीबाहेरून ठाऊक आहे. बंद दाराआडचे दोन सुशिक्षित गृहस्थ एकमेकांवर कुरघोडी करतात हे प्रेक्षकाला परक्या घरातले भांडण वाटले असावे. त्यात ‘स्टार प्लस’वर तेव्हा सासू-सुनांचे राज्य सुरू झालेले. तेही कारण आहेच, नाकारत नाही.

पण मला सगळ्यात खटकला तो खाजगी सचिव, कारण ती माझी खुर्ची होती. मूळ मालिकेतला बर्नार्ड मंत्र्याची चाकरी करतो, पण त्याचे भवितव्य हम्फ्रीच्या हाती आहे. त्या ओढाताणीतून अर्धा विनोद येतो. आपल्याकडे मंत्री शपथ घेऊन आला की आपला खाजगी सचिव स्वतः मागून घेतो. मलाही असेच मागून घेतले होते. साहेब पडले की माणूसही मूळ जागी परत. त्यामुळे ओढाताण कसली? मी एकाच बाजूचा होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका जमिनीच्या प्रकरणात आमच्या खात्याच्या सचिवांनी प्रतिकूल टिपणी लिहिली. दोन पानी, स्वच्छ, कोणालाही न दुखावणारी. साहेबांनी ती वाचली, फाइल मिटली आणि मला म्हणाले, “मुख्यमंत्र्यांना एक पत्र करा. भाषा बरी ठेवा.” मी ती बरी ठेवली. खात्याच्या कामाला गती देण्याच्या दृष्टीने बदल आवश्यक आहे, असे काहीसे लिहिले. त्या टिपणीचा उल्लेख अर्थातच नव्हता. दहा दिवसांत आदेश निघाला, ‘प्रशासकीय कारणास्तव’. नव्या सचिवांनी सर्व बाबींचा साकल्याने विचार केला.

पुढे २००५मध्ये राज्यात बदल्यांचा कायदा आला आणि तीन वर्षांचा सर्वसाधारण कार्यकाळ ठरला. मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवणेही आले. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर किमान कार्यकाळ आणि नागरी सेवा मंडळाचे निर्देश दिले. तरी कायद्यातल्या अपवादाच्या वाटेने पत्रे जातच राहिली; मी निवृत्त होईपर्यंत तरी जात होती.

ते जुने सचिव मला निवृत्तीनंतर एकदा पुण्यात एका लग्नात भेटले. मी ओळख द्यायचे टाळत होतो, पण तेच जेवणाचे ताट घेऊन शेजारी येऊन बसले. मुलाबाळांची चौकशी झाली. मग म्हणाले, “मी पुढे सामान्य प्रशासनात होतो, तेव्हा ते पत्र पाहिलं. मराठी फार चांगलं होतं. तुमचंच ना?”

“हो सर,” मी म्हणालो.