जुन्या संगणकाचे मोल

हिशेबाच्या वहीत यंत्राची किंमत घसाऱ्यामुळे दरवर्षी घटत जाते आणि अखेर शून्यावर येते. तथापि, चाळीस वर्षांपूर्वीचे सुटे भाग जमवून हौशी मंडळी जुना संगणक पुन्हा चालू करतात, तेव्हा या हिशेबात काहीतरी राहून गेले आहे, हे ध्यानात येते.

आय. बी. एम. कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेत आणलेल्या वैयक्तिक संगणकाचे उदाहरण घ्यावे. त्याची किंमत १,५६५ डॉलरपासून सुरू होत असे. वेगाच्या कसोटीवर तो आज टिकणार नाही. त्याचा इंटेल ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालतो. आजचे प्रोसेसर हजारो मेगाहर्ट्झवर चालतात. परंतु दुरुस्तीच्या कसोटीवर निकाल उलटा लागतो. टँटॅलमचा एखादा जुना कपॅसिटर शॉर्ट झाला, तर तो शोधून बदलता येतो. प्रोसेसर सॉकेटमधून काढता येतो. पाच स्लॉटांत हवी ती कार्डे बसवता येतात. जुन्या डिस्कऐवजी आजचे मेमरी कार्ड जोडणारी कार्डेही हौशी तंत्रज्ञांनी तयार केली आहेत.

हे शक्य होते, कारण कंपनीने यंत्राची विद्युत्-आकृती आणि त्यातील मूळ आज्ञावली, म्हणजे बायोस, छापून प्रसिद्ध केली होती. भागही बहुतांशी बाजारात मिळणारेच होते. बायोसवर स्वामित्वहक्क होता. परंतु कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी तो स्वतंत्रपणे नव्याने लिहिला आणि स्पर्धा सुरू झाली. १९८७ मध्ये आय. बी. एम.ने वेगळ्या, बंदिस्त रचनेकडे वळून पाहिले. बाजार मात्र तिच्यामागे गेला नाही. २००५ मध्ये कंपनीने हा व्यवसाय लेनोव्होला विकला. ज्या खुलेपणाने निर्मात्याची मक्तेदारी गेली, त्यानेच ग्राहकाला स्वस्ताई आणि दीर्घायुषी यंत्र दिले.

आज अनेक लॅपटॉपांत मेमरी मदरबोर्डवर कायमची सोल्डर केलेली असते. एक भाग बिघडला, की संपूर्ण यंत्र मोडीत निघते. त्याचा भुर्दंड ग्राहकावर आणि कचऱ्याचा भार समाजावर पडतो. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, ती याच प्रश्नाची जाणीव होऊन.

१९८१ च्या संगणकावर आजची कामे करावीत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु यंत्र किती वेगाने चालते, याबरोबरच ते बंद पडल्यावर उघडण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, हेही विकत घेणाऱ्याने विचारलेच पाहिजे.