वेबसाईटवर हस्तांदोलनाचा फोटो कशाला?

व्हिडिओत राहून गेलेली गोष्ट इथे सांगतो.

१९ तारीख, रात्रीचे दहा. दुकान बंद करून जीएसटी सल्लागार शोधत होतो, कारण आमच्या नेहमीच्यांचा फोन बंद. माझ्या महिन्याच्या ३बी रिटर्नची मुदत २० तारीख. चुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी, वर व्याज वेगळं.

पहिली वेबसाईट उघडली. काचेची इमारत, हस्तांदोलन करणारे दोन सूटवाले, ‘सर्वोत्तम सेवा’. फोन नंबर चित्रात छापलेला, दाबून लागेचना! दुसरी अगदी साधी. वरच लिहिलेलं: ‘छोट्या दुकानदारांचं जीएसटी रिटर्न’. खाली लागणाऱ्या कागदांची यादी, फी कितीपासून, काम करणाऱ्या मॅडमचा स्वतःचा फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. काम त्यांनाच दिलं. पहिलेवाले कदाचित जास्त हुशार असतील, पण मला कसं कळणार?

वकील असाल तर मात्र जपून. बार कौन्सिलच्या नियम ३६ मध्ये २००८ साली वेबसाईटला सूट मिळाली, ती नाव, संपर्क, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढ्यापुरतीच. अशिलांच्या कौतुकाचे व्हिडिओ टाकू नका.

आता आपली साईट मोबाईलवर उघडा, नंबर दाबून बघा. रिंग वाजली का?