पीयूसी काढली म्हणजे गाडी 'पास' झाली असं नाही. तारखा दोन, दोन्ही पाहून ठेवा

बुटीबोरी : एमआयडीसीत ड्युटीला जाणारी दुचाकी असो, की कळमन्याला संत्री नेणारा छोटा हत्ती, रस्त्यात गाडी अडवली की कागदांची शोधाशोध सुरू होते. "गाडी तर मस्त चालते, मंग कायले पाहिजे?" असं अनेक जण म्हणतात. खरा घोळ असतो पीयूसी आणि फिटनेस एकच समजण्यात.

पीयूसी म्हणजे फक्त धूर

पीयूसी केंद्रावर सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर तपासतात. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, तर डिझेल गाडीत धुराचा काळेपणा मोजतात. ब्रेक, टायर कोणी पाहत नाही.

- नवीन गाडीला नोंदणीपासून पहिलं एक वर्ष पीयूसी लागत नाही.
- बीएस-४ आणि बीएस-६ गाडीची पीयूसी १ वर्ष चालते, त्याआधीच्या गाडीची ६ महिनेच.
- देशभर बीएस-४ नियम १ एप्रिल २०१७ पासून, तर बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले.

गाडी नापास झाली तर कारण लिहिलेली स्लिप मिळते. ती मेकॅनिकला दाखवा, काम करून घ्या आणि पुन्हा तपासा. गाडी न नेता कोणी प्रमाणपत्र देत असेल तर घेऊ नका. कागद मिळेल, धूर तसाच राहील.

धुराचे नियम मोडल्यास २०१९ च्या सुधारित कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद आहे, लायसन्सही ३ महिने अडकू शकतं.

फिटनेस म्हणजे अख्खी गाडी

इथं ब्रेक, स्टेअरिंग, टायर, दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर सगळं पाहतात.

- मालवाहू, काळी-पिवळी, स्कूल व्हॅन : नवीन गाडीला २ वर्षं. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी. फिटनेस संपला की कायद्याने गाडीची नोंदणीच वैध धरत नाहीत.
- घरची दुचाकी, कार : १५ वर्षांनी आरसीची मुदत संपते. मुदतीच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरा. तपासणीत पास झाली तर पुढची ५ वर्षं मिळतात. एमएच-४० गाड्यांचं हे काम नागपूर ग्रामीण आरटीओकडे होतं.

आजच हे करा

एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. पीयूसी, फिटनेस, विमा, तिन्हींच्या तारखा दिसतील. ॲप किंवा डिजिलॉकरमधला कागद दाखवला तरी चालतो. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर जुना असेल तर बदलून घ्या.

आणि एक लक्षात ठेवा. रात्रपाळी सुटल्यावर हायवेवर मागून येणाऱ्या ट्रकला तुमची पीयूसी दिसत नाही, टेल लाइट दिसतो. तो लागतो का, घरून निघण्याआधी एकदा पाहून घ्या.