घाटावरचे छायाचित्र कोणाचे? स्त्रियांचा खासगीपणा, मोबाइल आणि कायदा

वाराणसी : काशीच्या ८४ घाटांपैकी राजा घाट हा रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांच्या नावाने अमृतराव घाट म्हणूनही ओळखला जातो. शिंदे, भोसले, अहिल्याबाई या घाटांप्रमाणेच हे नाव महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना आपले वाटते. या घाटांच्या पायऱ्यांवर स्नान, ओले कपडे बदलणे, पिळून वाळत घालणे, पूजेचे ताट, लेकरांवर लक्ष आणि गावाकडच्यांशी व्हिडिओ कॉल हे सारे एकाच वेळी चाललेले असते. घरी जे भिंतीआड होते ते येथे उघड्यावर होते, आणि आता त्या उघड्यावर जवळपास प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. ‘मी समाजमाध्यमांवर काय टाकावे’ या प्रश्नाला त्यामुळे ‘माझे दुसरे कोण काय टाकील’ हा दुसरा प्रश्न चिकटला आहे.

या दुसऱ्या प्रश्नाचे गांभीर्य प्रयागराजच्या महाकुंभात दिसले. १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी २०२५ या काळात भरलेल्या मेळ्यात स्नान करणाऱ्या आणि कपडे बदलणाऱ्या स्त्रियांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरू लागल्या. काही विक्रीलाही ठेवल्या गेल्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी फेब्रुवारीत एक इन्स्टाग्राम खाते आणि एक टेलिग्राम वाहिनी यांच्याविरुद्ध गुन्हे नोंदविले व खातेधारकाची माहिती मेटा कंपनीकडे मागितली.

या स्त्रियांनी स्वतः काहीही प्रसारित केलेले नव्हते. एरवी ‘फोटो टाकूच नका’ हा सल्ला घरातून, सोसायटीतून, कधी पोलीस ठाण्यातूनही सहज दिला जातो. तो येथे निरुपयोगी ठरतो, कारण चित्रण करणारा आणि ते पुढे पाठविणारा यांना तो लागूच होत नाही. उलट या सल्ल्याची किंमत स्त्रियाच मोजतात. आपल्या छायाचित्राचे पुढे काय केले जाईल या भीतीने भारतातील अनेक स्त्रिया चेहरा दाखविणारे छायाचित्र लावत नाहीत, असे आढळल्यावर फेसबुकने जून २०१७ मध्ये प्रोफाइल छायाचित्रासाठी खास संरक्षक सोय आणली, ती प्रथम भारतात. ती भीती अनाठायी नव्हती. ‘बुल्ली बाई’ प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने अटक केली, तेव्हा ज्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला होता त्या मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे त्यांनी स्वतःच उघडपणे लावलेली, अगदी साधी होती.

तरीही स्त्रिया लिहितात, दाखवितात, आणि त्यामागे कारणे आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात, तर ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. एवढे झाल्यावर उरलेल्या फटीत मैत्रिणींशी, माहेरच्यांशी जोडून ठेवणारे साधन म्हणजे फोन. काहींसाठी तोच रोजगार आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे यांची ‘आपली आजी’ ही यूट्यूब वाहिनी घरच्याच स्वयंपाकातून उभी राहिली. अशा घरात चूल हीच कामाची जागा होते आणि काय दाखवायचे, काय मागे ठेवायचे हे रोज ठरवावे लागते. ऑक्टोबर २०२० मध्ये ती वाहिनी काही दिवस हॅकरच्या ताब्यात गेली होती.

शिवाय फोन एकटीचा असतोच असे नाही. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातील स्त्रियांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की घरातल्यांनी फोन हाताळणे गृहीतच धरलेले असल्याने स्त्रिया ॲपना कुलूप लावतात, निवडक संदेश पुसतात, काही गोष्टी फोनवर करायच्याच टाळतात. खासगीपणा जपण्याचे हे रोजचे काम कोणत्याही सर्वेक्षणाच्या मिनिटांत मोजले जात नाही.

कायदा कुठवर येतो

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. व्यक्ती सार्वजनिक जागी आहे एवढ्याने तो संपत नाही, असेही त्यात म्हटले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई हीच दिशा धरते. शरीराच्या खासगी भागाचे संमतीविना चित्रण किंवा प्रसारण हा गुन्हा आहे, जागा सार्वजनिक असो वा खासगी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये पहिल्या गुन्ह्यास एक ते तीन वर्षे, पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे कैद आहे.

कलम ७७ चे एक स्पष्टीकरण फारसे ठाऊक नसते. एखाद्या स्त्रीने अशा चित्रणास संमती दिली, पण ते इतरांना पाठविण्यास दिली नाही, तर पाठविणे हा गुन्हा ठरतो. चित्रणाची संमती आणि प्रसाराची संमती या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अडचण मधल्या पट्ट्यात आहे. ओल्या साडीत पाण्यातून वर येणारी स्त्री या व्याख्यांत नेमकी बसेलच असे नाही. तेथे शब्द, हावभाव वा कृतीने स्त्रीच्या खासगीपणावर आक्रमण करण्याविषयीचे कलम ७९ उपयोगी पडू शकते. मात्र त्यात विनयभंगाचा हेतू सिद्ध करावा लागतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ कडूनही येथे फार अपेक्षा ठेवता येत नाही. व्यक्तीने खासगी वा घरगुती कारणासाठी केलेला विदेचा वापर त्याच्या कक्षेबाहेर आहे, म्हणजे आत्याचा स्नानाचा फोटो भाच्याने नातेवाइकांच्या गटात टाकला तर हा कायदा बोलत नाही. स्वतः सर्वांसाठी खुली केलेली माहितीही त्यातून वगळली आहे. खाते ‘सार्वजनिक’ ठेवायचे की ‘फक्त मित्रांसाठी’, हा निर्णय म्हणूनच दिसतो त्याहून मोठा आहे.

तक्रार करताना

आक्षेपार्ह मजकूर दिसल्यास बहुतेक जणी तो आधी पुसून टाकतात, नंतर पुरावा उरत नाही. स्क्रीनशॉटबरोबर त्या पोस्टचा दुवा, खात्याचे नाव आणि वेळ जपावी. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया व मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही नोंदविता येते. १९३० आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. नग्नता वा बनावट रूपांतरित चित्रांच्या तक्रारीवर माध्यम कंपनीने २४ तासांत कारवाई करावी, असे बंधन २०२१ च्या नियमांनी घातले. ‘स्टॉप एनसीआयआय’ या सेवेत छायाचित्र कोणालाही न पाठविता, त्याची केवळ सांकेतिक खूण सहभागी माध्यमांना दिली जाते.

यात्रेतले फोटो घरी परतल्यावर टाकावेत, हेही बरे. त्यातून घर बंद असल्याची जाहिरात टळते. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविलेल्या छायाचित्रात ते कुठे काढले याची नोंद राहू शकते, हे थोड्यांनाच माहीत असते.

नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थाची अमृतस्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. गंगेच्या पात्राच्या तुलनेत रामकुंडाची जागा चिमुकली आहे, आणि भोवती मंदिरे, दुकाने, इमारती दाटल्या आहेत. तेथे स्त्रियांसाठी कपडे बदलायचा आडोसा उभारायचा तर तो चारी बाजूंनी आणि वरूनही बंद असावा लागेल.