कोयता किती वेळा पडतो, की ऊस किती तुटतो?

दसरा-दिवाळी उलटली की आपल्या बीड जिल्ह्यातली गावे निम्मी रिकामी होतात. केज, धारूर, वडवणी, आष्टी, सगळीकडून टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. यंदा आमच्या ओळखीच्या एका घरी उचलीच्या पैशांतून बारावीच्या लेकीसाठी जुना संगणक आला. दुकानदार म्हणाला, "मामा, हा आय-सेव्हन, ३.४ गिगाहर्ट्झ. नवा आय-थ्री ३.३ चाच आहे. मग जास्त पैसे कशाला घालता?" मामांना पटले. आम्हालाही तेव्हा पटले असते.

गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरचे ठोके. १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. पण फडात कोयता किती वेळा खालीवर झाला यावर का मजुरी मिळते? एका घावात किती ऊस पडला, टोळीत किती कोयते आहेत, मोळ्या न्यायला गाडी वेळेवर आली की नाही, हे सगळे बघावे लागते. संगणकातही एका ठोक्यात होणारे काम, कोअरची संख्या आणि मेमरी यांवरच वेग ठरतो.

हा वाद जुनाच आहे. इंटेलने पेन्टियम ४ चे ठोके वाढवत २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत नेले. चिप तापू लागली आणि ४ चा बेत सोडावा लागला. त्याआधीच, २००१ मध्ये, एएमडीने १.५३ गिगाहर्ट्झच्या चिपला '१८०० प्लस' असे नाव दिले होते. ठोके मोजू नका, काम मोजा, हाच त्याचा अर्थ. शेवटी २००६ मध्ये इंटेलनेही कमी ठोक्यांची कोअर २ आणली, आणि तिने पेन्टियम ४ ला मागे टाकले.

इंटेल आणि एएमडी भांडत असले तरी त्यांच्या चिपांना हुकूम एकाच भाषेत कळतात. १९७८ च्या ८०८६ पासून चालत आलेली ही भाषा, तिला एक्स८६ म्हणतात. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये बहुधा दुसऱ्या घराण्याची, एआरएमची चिप असते. तिचे हुकूम छोटे आणि साधे, बॅटरी कमी खाते. म्हणून मोबाइलचे अॅप विंडोजच्या संगणकावर जसेच्या तसे चालत नाही. मुकादम वेगळ्या भाषेत बोलला तर टोळी उभीच राहणार.

पुण्यातल्या सी-डॅकलाही ही निवड करावी लागली. अमेरिकेने क्रे महासंगणक देताना आडकाठी केली, तेव्हा १९८८ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ही संस्था उभी राहिली. १९९१ च्या 'परम ८०००' साठी त्यांनी ट्रान्सप्युटर ही ब्रिटिश चिप घेतली. एकटी ती काही फार मोठी नव्हे, पण शेजारच्या चिपांशी बोलायला तिला चार वाटा होत्या. टोळीने काम करणारी चिप! पुढे 'परम १००००' मध्ये स्पार्क, 'परम पद्म' मध्ये आयबीएमची पॉवर, 'परम युवा' मध्ये इंटेलची झिऑन आली. काम पाहून घराणे बदलले.

आता मामांचा संगणक. त्यातला आय-सेव्हन २०११ सालचा, दुसऱ्या पिढीचा. नवा आय-थ्री होता बाराव्या पिढीचा. कोअर दोन्हींत चारच, पण नव्याचे एका ठोक्यातले काम कितीतरी जास्त. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते, आणि विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तेव्हा आयाबहिणींनो, दुकानात आधी पिढी विचारा, मग मेमरी किती ते. आठ जीबी असलेली बरी. गिगाहर्ट्झ सगळ्यात शेवटी.

पोरीने मैत्रिणीच्या भावाकडून त्यावर फुकटची लिनक्स टाकून घेतली आहे. मराठी टायपिंग होते, इंटरनेट चालते. पण तिला शिकायची आहे टॅली, आणि ती विंडोजवरची. दुकानदार आता तोच संगणक निम्म्या किमतीत परत घेतो म्हणतो. मामा पट्टा पडल्यावर, मार्चअखेर येतील, तेव्हा ठरेल.