सहलीच्या पिशवीतलं उलटीचं औषध

पालकहो, सहल आली की मुलांच्या पिशवीत उलटीच्या औषधाची घरात उरलेली बाटली हमखास येते. आधी लेबल वाचा. त्यावर 'ओंडान्सेट्रॉन' असेल, तर गाडी लागण्यावर ते फारसं चालत नाही. पोट बिघडून उलट्या होतात तेव्हा डॉक्टर ते देतात. त्याचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो. म्हणून ताईचं औषध धाकट्याला नको, आणि चहाचा चमचा तर नकोच. बाटलीसोबतचं मापच घ्या. मुलाला हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. उलटी थांबली म्हणजे अंगातलं गेलेलं पाणी परत येत नाही, ओआरएस घोट घोट चालूच ठेवायचं. उलटी हिरवी किंवा रक्ताची झाली, मूल मलूल पडलं, लघवी होईना, तर आणखी डोस देत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.