बटाटा : काढल्यावरही जिवंत

'बटाटा हे मूळ की खोड?' असं पाचवीच्या वर्गात विचारून बघा. बहुतेक मुलं 'मूळ' म्हणतात. मातीखाली वाढतो म्हणजे मूळच, असा त्यांचा साधा हिशेब. मग कोंब आलेला एक बटाटा त्यांच्या हातात द्या. कोंब जिथून फुटतो तो डोळा म्हणजे कळी, आणि अशा कळ्या खोडावर असतात. (रताळं मात्र खरंच मूळ आहे.)

हे एकदा कळलं की बटाटा साठवणं इतकं अवघड का, हेही मुलांना सांगता येतं. ज्वारीचा दाणा वाळलेला असतो, नीट ठेवला तर वर्षभर राहतो. बटाट्यात शेकडा 75 ते 80 भाग पाणी. काढल्यावरही तो श्वास घेतो, ऊब सोडतो, संधी मिळाली की कोंब काढतो.

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथलं खरीप पीक पावसावर येतं. बियाणं मुख्यतः पंजाबातून येतं, कारण तिकडच्या थंडीत मावा कमी असतो आणि त्याच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूंपासून बियाणं वाचतं. एकरी सात-आठ क्विंटल बियाणं लागतं. म्हणजे पाऊस रुसला तर पैसा आधीच मातीत गेलेला असतो.

काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडतात, पाला कापतात. अंगठ्याने घासून साल सुटली तर बटाटा अजून कच्चा. असा माल साठवला की लगेच सडतो.

रब्बीचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. तेव्हा सगळ्यांचाच माल एकदम बाजारात आला की भाव पडतो. मग काही शेतकरी आरण लावतात : झाडाच्या दाट सावलीत बटाट्याचा ढीग, वर पाल्याचं किंवा गवताचं जाड पांघरूण. खर्च जवळजवळ नाही. पण ऊन वाढलं की वजन घटतं, पाकोळीची अळी बटाटा पोखरते आणि एक सडका बटाटा शेजारच्यांनाही घेऊन जातो. भाव चढेपर्यंत थांबावं की आजच विकावं, हा जुगारच आहे.

शीतगृहात धोका कमी, पण भाडं द्यावं लागतं. बियाण्याचा बटाटा 2 ते 4 अंश सेल्सियसला ठेवतात. या थंडीत पिष्टाची साखर होऊ लागते, बटाटा गोड लागतो आणि तळल्यावर काळपट होतो. म्हणून वेफर्सचा बटाटा 10 ते 12 अंशांना ठेवतात आणि कोंब येऊ नयेत म्हणून औषध वापरतात. घरातल्या फ्रिजमध्ये बटाटे का ठेवू नयेत, याचं उत्तरही इथेच आहे.

वर्गात एक प्रयोग जरूर करा. एक बटाटा खिडकीत ठेवा, एक अंधाऱ्या कपाटात. दहा-पंधरा दिवसांत खिडकीतला हिरवा पडू लागेल. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो निरुपद्रवी. पण उजेडात सोलानिन नावाचं विषारी द्रव्यही वाढतं आणि ते उकडून जात नाही. थोडा हिरवा भाग असेल तर तो खोलवर कापून काढा. बराच हिरवा किंवा चवीला कडू बटाटा सरळ टाकून द्या. शाळेच्या आहाराची पोती उघड्यावर, उजेडात ठेवलेली असतील तर आजच आत, अंधारात हलवा.